बोक्याला वर्षावास कशाला?

सदर : उंबरठ्याच्या आत



या सदरातून आम्ही मुलांचा अभ्यास, लग्नातला खर्च, दारूचे व्यसन, म्हाताऱ्या आईबापांचा सांभाळ अशा विषयांवर लिहीत आलो. आज विषय मांजराच्या जेवणाचा आहे. समाजापुढे डोंगराएवढे प्रश्न असताना हे मांजर कुठून आणले, असे कुणी म्हणेल. त्यावर आमचे एवढेच सांगणे की, हा लेख म्हणजे आमच्या एका चुकीची कबुली आहे. आम्ही न विचार करता एक सल्ला दिला आणि त्याची झळ सहावीतल्या एका मुलीला व तिच्या बोक्याला बसली. तशीच चूक आणखी काही घरांत होत असल्याचे आम्ही पाहिले, म्हणून लिहीत आहोत.

ही गोष्ट 2024 च्या वर्षावासातील. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांतून रोज सायंकाळी ग्रंथवाचन चालते. नाशिकरोडला जेलरोड भागातील आमच्या विहारातही ते होते. तेथे नेमाने येणाऱ्या एक ताई आहेत. यजमान अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, ताई स्वतः शिवणकाम करतात. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, एक मुलगी, आणि मुलीने पावसात भिजताना उचलून आणलेला बोका. त्याचे नाव बंड्या.

ताईंनी त्या उन्हाळ्यात इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले होते. तेथे साधे शाकाहारी जेवण असते. त्यांना ते मानवले. वर्षावास सुरू झाल्यावर त्यांनी ठरवले की, तीन महिने घरात मांस-मच्छी नाही. घरमालकाचीही ‘मटण-मच्छी शिजवायची नाही’ अशी अट होतीच. ते अधूनमधून वासावरून बोलत. तेव्हा वर्षावासाने आपोआप तीही कटकट मिटली. प्रश्न उरला तो बंड्याचा. तोवर त्याला रविवारच्या कोंबडीतले चार तुकडे, बोंबलाची डोकी, असे काहीबाही मिळत असे. एके दिवशी वाचन संपल्यावर ताईंनी आम्हाला विचारले, “भाऊ, घरात कुणी खात नाही, मग बोक्यापुरते आणायचे का? दूध-चपातीवर नाही का भागणार त्याचे?”

आम्ही मोठ्या रुबाबात सांगून मोकळे झालो, “सगळा सवयीचा भाग आहे, ताई. माणूस सोडू शकतो तर मांजर का नाही सोडणार?” चार उपासिकांनी माना डोलावल्या. आम्हालाही आपण फार मोठे सांगितले असे वाटले.

पुढे काय झाले ते ऐका. बंड्याला पहिल्या आठवड्यातच जुलाब सुरू झाले. दुधात पाणी घालून पाहिले, दही देऊन पाहिले. श्रावण-भाद्रपदात तो वाळत गेला, अंगावरची लव राठ झाली, दिवसभर शिवणयंत्राखाली पडून राहू लागला. मुलगी बोलली नाही. पण शाळेत पोषण आहारात आठवड्यातून एकदा मिळणारे उकडलेले अंडे ती रुमालात बांधून घरी आणू लागली. स्वतः अर्धेही न खाता सगळे बोक्याला घालायची. ताईंना हे कळले ते दप्तरात अंडे फुटले तेव्हा. त्यांनी तिला एक थप्पड दिली, मग स्वतःच रडत बसल्या. मुलगी म्हणाली, “मम्मी, वर्षावास तू धरलास. त्याने कुठे धरलाय?”

दुसऱ्या दिवशी ताईंनी विहारात आम्हाला हे वाक्य ऐकवले. आम्ही निरुत्तर झालो. त्याच दिवशी पोरीला आणि पिशवीतल्या बंड्याला घेऊन आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी बोक्याला तपासले, वजन केले आणि आम्हाला विचारले, “याला दूध-चपातीवर ठेवायचा सल्ला कुणी दिला?” आम्ही सांगितले, “आम्हीच.” त्यांनी रागावण्याऐवजी समजावून सांगितले. पुढे आम्ही वाचून पाहिले. ते सारे थोडक्यात देतो.

कुत्रा हा हजारो वर्षे माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर राहिला. पिठूळ पदार्थ पचवण्याची ताकद त्याच्या रक्तातच वाढली आहे, हे 2013 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणून भाकर-वरणावर कुत्रा बऱ्यापैकी निभावतो. मांजराचे तसे नाही. ते माणसाजवळ आले तेच धान्याच्या कोठारातील उंदीर खायला. धान्य आपण खाल्ले, उंदीर त्याने खाल्ले, असा तो करार. त्यामुळे मांजराचे शरीर आजही निव्वळ शिकारी प्राण्याचे आहे. त्याच्या लाळेत पीठ पचवणारा रस नाही. त्याला गोडाची चवही कळत नाही. चव ओळखणारे त्याचे जनुकच निकामी झाले आहे, हे 2005 साली सिद्ध झाले. आणि मोठ्या मांजराला दूध पचत नाही. दूध पचवणारा रस पिलूपणानंतर आटतो, म्हणून जुलाब लागतात. मांजर आणि दुधाची वाटी हे चित्र आपण पाठ्यपुस्तकात पाहिले, पण ते मांजराला विचारून काढलेले नाही!

सर्वांत महत्त्वाची गोष्ट टॉरीन नावाच्या द्रव्याची. 1827 साली जर्मनीत बैलाच्या पित्तातून ते प्रथम वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. माणसाचे शरीर टॉरीन स्वतः तयार करते. मांजराचे शरीर पुरेसे करू शकत नाही. त्याला ते मांसातूनच मिळावे लागते. धान्यात, भाजीत ते जवळजवळ नसते. टॉरीन कमी पडले की महिनोन्महिने बाहेरून काही दिसत नाही, पण डोळ्याचा पडदा झिजत जातो आणि मांजर आंधळे होते. हृदय सैल पडून फुगते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन या पशुवैद्यांनी 1987 साली दाखवून दिले की, अशा आजारी हृदयाची मांजरे टॉरीन दिल्यावर सुधारतात. ‘अ’ जीवनसत्त्वाचेही तसेच. आपण गाजरातून ते बनवतो, मांजर बनवू शकत नाही. त्याला ते काळजातून, म्हणजे कलेजीतून घ्यावे लागते.

बंड्याचे डोळे आणि हृदय शाबूत होते. वेळेवर आलात, असे डॉक्टर म्हणाले. ‘सगळा सवयीचा भाग’ हे आमचे तत्त्वज्ञान मात्र तिथेच संपले.

पण गोष्ट एवढ्याने सुटली नाही. ताईंनी विचारलेला दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “भाऊ, मी पहिले शील घेते आणि बोक्यासाठी कोंबडी आणते. हे बरोबर आहे का?”

आम्ही हा प्रश्न विहारात सर्वांपुढे ठेवला. योगायोगाने वाचनात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मधील अहिंसेचा भाग येऊन गेला होता. बाबासाहेबांनी तेथे एक भेद स्पष्ट केला आहे. मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. जेथे गरज नाही, केवळ हौस, राग किंवा कर्मकांड आहे, तेथील हत्या बुद्धाने निषिद्ध मानली. अहिंसा हे तत्त्व आहे, तो आंधळा नियम नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळे ठेवते, नियम त्याला बांधून टाकतो, अशी त्यांची मांडणी आहे. ताईंना मांस सोडण्याची मुभा आहे, कारण त्यांना डाळ, मटकी, दूध, शेंगदाणे पचतात. बोक्याला ती मुभा निसर्गानेच दिलेली नाही. त्याच्यापुरती ती गरज आहे.

विनयपिटकातील देवदत्ताची कथाही आम्ही सांगितली. भिक्खूंनी मासे-मांस मुळीच खाऊ नये, असा सक्तीचा नियम करावा, ही देवदत्ताच्या पाच मागण्यांपैकी एक होती. तथागतांनी ती मान्य केली नाही. ज्याला पाळायचे त्याने पाळावे, पण सक्ती नाही, असा त्यांचा निर्णय होता. अडीच हजार वर्षांपूर्वी भिक्खूवरसुद्धा जी सक्ती केली नाही, ती आम्ही एका बोक्यावर करायला निघालो होतो!

त्या बैठकीत आमच्या एक वयोवृद्ध आत्याबाई उठल्या. त्यांचे बोलणे सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या म्हणाल्या, “पोरांनो, बोक्याला घाला, माझी ना नाही. पण खाटकाकडून टाकाऊ आतडी-कातडी पिशवीत भरून आणताना मला लाज वाटते. आमच्या सासूने बाबासाहेबांच्या शब्दावर ते सगळे सोडले. आता मांजराच्या निमित्ताने पुन्हा तेच दारात?”

आत्याबाईंची लाज आम्हाला कळते. 1927 च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे आपल्या लोकांना बजावले. आपल्या बायाबापड्यांनी उपाशी राहून तो शब्द पाळला. पण बाबासाहेबांचा रोख मृत मांसावर होता. गावाचे मेलेले ढोर ओढायचे आणि त्याच्या मोबदल्यात ते खायचे, या गुलामीवर होता. स्वकष्टाच्या पैशाने दुकानातून ताजे मांस विकत घेणे ही गुलामी नाही. दिल, कलेजी, वजडी हे टाकाऊ नाही, शरीराला पोषक असे अन्न आहे. ‘टाकाऊ’ हे नाव त्याला खाणाऱ्याच्या जातीवरून मिळाले. आत्याबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, “मग विकत आण. फुकट मागू नको.” हा नियम आम्ही ताईंना घालून दिला, आणि स्वतःलाही.

जनावर पाळणे हा श्रीमंतांचा चाळा आहे, असाही एक सूर निघाला. त्यांना आम्ही 1934 च्या फेब्रुवारीतले राजगृहातले छायाचित्र दाखवले. त्यात बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद आहेत, आणि कुटुंबासोबत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. इतक्या व्यापात असलेल्या माणसाने मुक्या जिवाला घरात जागा दिली होती.

आता मुख्य व्यवहाराकडे येऊ. मांस द्यायचे ठरले. पण कच्चे की शिजवलेले?

ताईंनी कच्चे निवडले. कारण साधे होते. शिजवले की वास सुटणार आणि घरमालक दारात उभे राहणार. त्यात शेजारच्या कॉलेजातल्या मुलाने मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. इंग्लंड-अमेरिकेत फेरेट नावाचा प्राणी घरोघरी पाळतात. दिसायला मुंगसासारखा लांबुळका, पण कूळ आपल्या पाणमांजराचे. तोही मांजरासारखा पक्का मांसाहारी. त्याचे आतडे इतके आखूड की खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते. तेथील पाळणाऱ्यांत मोठा वाद आहे; काही जण पाकिटातले कोरडे दाणे देतात, काही जण ते बंद करून कच्च्या मांसावर आणतात. लहानपणी एका चवीची सवय लागली की फेरेट दुसऱ्या अन्नाला तोंड लावत नाही, म्हणून हा बदल फार सावकाश करावा लागतो. (हे वाचून कुणी मुंगूस घरात आणू नये. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.)

बंड्याचेही तसेच झाले. तीन महिन्यांत त्याला दूध-चपातीची चटक लागली होती. पहिल्या दिवशी त्याने कच्च्या खिम्याचा वास घेतला आणि पाठ फिरवली. “राहू दे उपाशी, भूक लागली की खाईल,” असे ताई म्हणाल्या. डॉक्टरांनी मात्र आम्हाला आधीच बजावले होते की, मांजराला उपाशी ठेवून वळण लावू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि ते जिवावर बेतते.

मग पद्धत अशी ठरली. नेहमीच्या चपातीत नखाएवढा खिमा. वाटी कोमट पाण्यात ठेवून अन्न अंगाएवढे गरम करायचे, कारण मांजर नाकाने जेवते. थंड अन्नाला वास नसतो. दर दोन दिवसांनी खिमा थोडा वाढवायचा, चपाती तेवढी कमी करायची. उलटी किंवा जुलाब झाले तर एक पायरी मागे यायचे. दूध पहिल्या आठवड्यातच बंद, पाण्याची वाटी कायम भरलेली. पंधरा दिवसांत बंड्या पूर्ण मांसावर आला. जुलाब थांबले. दिवाळीनंतर तो शिवणयंत्राखालून निघून पुन्हा कपाटावर चढू लागला.

ताईंच्या घरचा हिशेबही आम्ही मांडला. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 100 ते 150 ग्रॅम मांस लागते, म्हणजे महिन्याला तीन ते साडेचार किलो. कोंबडीची मान, पाय, दिल हे चिकनवाल्याकडे कमी भावात मिळते. पूर्वी पाव लिटर दूध रोज, म्हणजे महिन्याला साडेसात लिटर जात होते. दोन्ही बाजूंचे आकडे जवळपास सारखेच निघाले. जुलाबाच्या औषधाचा खर्च वाचला, तो वेगळा.

येथे हा लेख संपला असता. पण जानेवारी 2025 मध्ये वर्तमानपत्रांत बातमी आली. नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले होते, आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही हा रोग आढळला. पक्ष्यांचा हा रोग मार्जारकुळाला फार जड जातो. आजारी पक्ष्याचे कच्चे मांस पोटात जाणे हा तो लागण्याचा एक रस्ता आहे. अमेरिकेत 2024 च्या डिसेंबरात कच्च्या मांसाच्या पाकिटातून हा रोग होऊन घरातले मांजर मेल्यावर ते पाकीट बाजारातून परत मागवावे लागले. आपल्याला हा रोग नवा नाही. भारतात तो प्रथम सापडला तो आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला, 2006 च्या फेब्रुवारीत. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

आम्ही बातमी वाचली आणि तडक ताईंकडे गेलो. बंड्या कच्ची मान चघळत बसला होता.

पुन्हा डॉक्टरांकडे विचारणा केली. त्यांचे म्हणणे असे : मांस हे मांजराला हवेच, पण ते कच्चेच हवे असे नाही. कच्च्या मांसात साल्मोनेला वगैरे जंतू असतात. मांजर ते कदाचित पचवेल, पण त्याच फरशीवर बसून जेवणारे मूल आणि म्हातारी माणसे आजारी पडतील. बर्फात ठेवल्याने हे जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. नीट शिजवले की मरतात, बर्ड फ्लूचे विषाणूही मरतात. परदेशात वेगळी खोली, वेगळा फ्रीझर, वेगळी भांडी असतात. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पोळपाट एकच आणि विळीही एकच. म्हणून आपल्या घरांसाठी मांस उकडूनच द्यावे, हे उत्तम.

आम्ही आता सर्वांना हेच सांगतो. काही गोष्टी मात्र लक्षात ठेवा :

पाणी बेताचे घालून मांस आतपर्यंत शिजवा आणि ते पाणी फेकू नका. टॉरीन उकळताना पाण्यात उतरते, म्हणून तो रस्सा बोक्याच्या वाटीतच ओता. दिलात टॉरीन भरपूर असते, ते आठवड्यातून दोन-तीनदा द्या.

मीठ-मसाला नको. कांदा-लसूण तर अजिबात नको. त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या कालवणातला तुकडा धुऊन दिला तरी उपयोग नाही.

शिजवलेले हाड कधीही देऊ नका. ते काचेसारखे फुटते आणि आतड्यात रुतते. पण नुसते बिनहाडाचे मांस दिले तर चुना कमी पडतो, पिलांची हाडे ठिसूळ होतात, ती लंगडू लागतात. यावर सोपा उपाय अंड्याच्या टरफलाचा. ते उकळून, वाळवून, पिठासारखे बारीक करा. अर्धा किलो मांसाला अर्धा चहाचा चमचा एवढी पूड पुरते.

कलेजी औषधासारखी द्या, आठवड्यात दोन-तीन लहान तुकडे. रोज पोटभर दिली तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होऊन मानेची हाडे जखडतात.

मांजराची विष्ठा रोजच्या रोज उचला. त्यातून पसरणारा एक रोग गरोदर बाईच्या पोटातील बाळाला बाधतो. तिची अंडी बाहेर पडल्यावर बाधक व्हायला किमान एक दिवस जातो, म्हणून रोजची सफाई हाच उपाय. घरात सून-लेक गरोदर असेल तर मांजर हाकलू नका. ते काम पुरुषांनी करावे, हात साबणाने धुवावेत.

कुत्रा पाळणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. खाटकाकडची कच्ची कलेजी-फुफ्फुसे कुत्र्याला घालू नका. त्यात कधी कधी पाण्याने भरलेले फोड असतात. ते कुत्र्याच्या पोटात गेले की जंत होतात, आणि त्या जंतांची अंडी कुत्र्याशी खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जाऊन यकृतात तशाच गाठी होतात.

आता उरला घरमालकाचा प्रश्न. कच्चे बंद झाले, म्हणजे शिजवणे आले आणि वास आला. पहिला महिना बंड्याचे पातेले आमच्याच घरी उकडले जाई. आमच्या सौभाग्यवती ते झाकून पोचवीत. ताई पिशवीत वरून मेथीची जुडी ठेवून मांस आणीत. आम्ही एकदा म्हणालो, “ताई, यात लपवण्यासारखे काय आहे?” त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही पेपर वाचता ना?” त्यांचे खरे होते. 2024 च्या ऑगस्टमध्ये इगतपुरीजवळ धावत्या रेल्वेत एका वृद्ध प्रवाशाला त्याच्या बरणीतल्या मांसावरून टोळक्याने मारहाण केली होती. महाराष्ट्रात 2015 च्या दुरुस्तीने गाईबरोबर बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हैस, बकरे, कोंबडी यांच्यावर ती बंदी नाही. पण पिशवी तपासणारे लोक कायद्याचे पुस्तक वाचून येत नाहीत. भीती बोक्याच्या ताटापर्यंत पोचते ती अशी.

शेवटी ताईंनीच ठरवले. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी त्यांनी स्वतःच्या गॅसवर पातेले ठेवले. मालक आले. ताईंनी दार उघडे ठेवून सांगितले, “काका, मी खात नाही, माझा नेम आहे. पण माझ्या नेमापायी हा बोका मरायला टेकला होता. माझी पोर खाते, तिचे पप्पा खातात. भाडे आम्ही एक तारखेला देतो. खिडकी उघडी ठेवते, पातेले लगेच घासते. यापुढे घरात काय शिजेल ते आम्ही ठरवू.” मालक म्हणाले, “अकरा महिन्यांचा करार संपला की बघू.” आणि गेले.

करार संपायला अजून अवकाश होता, पण आमच्या मंडळाने तेव्हाच दोन ठिकाणी खोलीची चौकशी करून ठेवली. सुदैवाने तशी वेळ आली नाही. मालकांनी करार पुढे चालू ठेवला. भाडे थोडे वाढवले, अटीबद्दल काही बोलले नाहीत. पुढे बोलतील का, ते सांगता येत नाही.

ताई आजही वर्षावासात मांस खात नाहीत. त्यांच्या या निश्चयाबद्दल आम्हाला आदर आहे. बोक्याचे पातेले मात्र त्या स्वतः उकडतात. पोरगी शाळेत मिळेल ते स्वतः खाते. आम्हाला भेटली की विचारते, “काका, आता कुणाला काय सल्ला दिला?” आम्ही तिला सांगितले आहे की, यापुढे मुक्या जनावराबद्दल कुणी विचारले तर आधी डॉक्टरांना विचारू, मग तोंड उघडू.

वाचकहो, आपण घेतलेले शील हे आपल्या स्वतःसाठी असते. ते दुसऱ्याच्या ताटात ओढून नेले की त्याची सक्ती होते, आणि सक्तीचे ताट म्हणजे काय हे आपल्या आजी-पणजीला विचारा. आपल्या घरी मांजर-कुत्रे असेल, तर या रविवारी त्याच्या वाटीत काय आहे ते एकदा डोळे उघडून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!